सव्वीस वर्षांची वहिवाट

ता. ४ फेब्रुवारी

चिरंजीव भोंग्या,

आशीर्वाद घे, आणि हे पत्र फायलींच्या मधे खुपसून विसरू नकोस, बसून नीट वाच. फोन कर म्हणशील, तर फोनवर मला हल्ली अर्धंच ऐकू येतं, आणि जे अर्धं येतं ते नेमकं बिनकामाचं असतं. परवा तू "मंगळवारी बोलू" म्हणालास ते मला "मांजर पाळू" ऐकू आलं. दोन दिवस मी विचारात, की या मुलाला झालंय तरी काय!

तुझ्या मामाच्या माघारी रोपवाटिका एकटीने सांभाळते, त्याचं मला काही वाटत नाही. पण हा रस्ता आता माझा जीव घेणार. तू माझ्याकडे राहून शिकत होतास तेव्हा आपल्या मागे नुसतं गवत होतं. आता तिथे सात-सात मजल्यांच्या अकरा इमारती झाल्यात, आणि एवढ्या माणसांना बाहेर पडायला तीच एक गल्ली, जिच्यात तू सायकल शिकताना गटारात पडला होतास. सकाळी आठला गाड्या अडकतात त्या साडेनऊला सुटतात. त्या हॉर्नपुढे तुझं लहानपणचं रडणंसुद्धा गोड वाटावं, आणि तुला भोंग्या उगाच म्हणत नव्हतो आम्ही.

थट्टा राहू दे. गेल्या आठवड्यात मागच्या इमारतीतल्या शिंपीणबाईंच्या नवऱ्याच्या छातीत दुखायला लागलं. ॲम्ब्युलन्स गल्लीच्या तोंडाशीच अडकली. शेवटी चार जणांनी त्याला खुर्चीत बसवून माझ्या रोपवाटिकेतल्या पायवाटेने उचलून नेलं. वाचला बिचारा, पण रोज कुणी वाचणार नाही.

तू आता नियोजन कार्यालयात आहेस. आपल्या भागाचे रस्ते तुझ्याच टेबलावर आहेत असं तुझी आई सांगत सुटलीय. मग हलव की हात जरा. खुर्ची नुसती उबवायला दिलीय का तुला?

तुझी मामी


ता. १९ फेब्रुवारी

मामी,

कान पकडतो. उत्तराला पंधरा दिवस लागले. मांजर पाळायचा विचार नाही, इथे माझ्या जेवणाची मारामार.

आपल्या उपनगराच्या रस्त्यांचा आराखडा मीच करतोय, आई खरंच सांगते. मुख्य प्रश्न तूच लिहिलास तो: मागच्या इमारतींना हमरस्त्याशी जोडणारा दुसरा रस्ता कुठून काढायचा. तीन पर्याय आहेत. एक, इमारतींच्या पलीकडे त्या बांधकाम कंपनीचं मोठं मोकळं मैदान पडलंय, त्यातून. दुसरा, आहे तीच गल्ली रुंद करायची, पण मग एकतीस घरं पाडावी लागतात. तिसऱ्याचा अजून नुसता अभ्यास चाललाय, त्याचं आत्ता काही लिहीत नाही.

तुझी एक मदत हवी. आमची माणसं चौकात उभी राहून गाड्या मोजतात, चालणारी माणसं कुणी मोजत नाही. तुझ्याकडच्या पायवाटेवरून रोज किती लोक जातात, कधीपासून जातात, तू कुणाला कधी अडवलंस का, हे एकदा लिहून कळव. त्या वाटेची वहिवाट आहे असं म्हणता येईल का, तेही लिही. खाली बिलावर करतेस तशी पूर्ण सही कर आणि रोपवाटिकेचा शिक्का मार. कागद पुरा दिसला की वरचे लोक मनावर घेतात.

चालणाऱ्यांची दखल आराखड्यात घेतली जावी असं मला मनापासून वाटतं. कागदी लिंबांची जुनी झाडं कशी आहेत?

तुझा भोंग्या


ता. २७ फेब्रुवारी

चिरंजीव भोंग्या,

मामीची सही मागणारा जगातला पहिला भाचा तू! शिक्का दोनदा मारलाय, पहिला पुसट आला.

सांगितलंस तसं मोजलं. सोमवारी सकाळी साडेसहाला मोठ्या लिंबाखाली स्टूल टाकून बसले. एक माणूस गेला की रोपाची एक रिकामी पिशवी या ढिगातून त्या ढिगात. संध्याकाळी सातपर्यंत चारशे अठरा पिशव्या झाल्या. शाळेची मुलं, दवाखान्यातल्या नर्स, दोन पोस्टमन, एक बाई रिकामी बाबागाडी ढकलत आणि मूल मागून चालत. एक गृहस्थ चार वेळा गेले. विचारलं तर म्हणाले, "चष्मा विसरलो होतो. मग आणायला कशाला आलो ते विसरलो." त्यांच्या चारही पिशव्या धरल्यात, मेहनत केलीय बिचाऱ्यांनी. मी जेवायला उठले तेवढा वेळ शिंपीणबाईंना स्टुलावर बसवलं, तेव्हा आकडा चोख आहे.

कधीपासून? मागच्या गवतापलीकडे एक सुईण राहायची, तुला आठवत नसेल. कुणाला कळा सुरू झाल्या की ती गल्लीने वळसा घालून धावायची. तुझ्या मामाने एक दिवस पक्कड घेतली, कुंपणाची तार तोडली आणि तिला म्हणाला, "इथून जात जा." त्याला सव्वीस वर्षं झाली. तेव्हापासून तिथे फाटक नाही, कुलूप तर नाहीच. वहिवाट आहे का म्हणून विचारतोस? अरे, राबता आहे राबता! सव्वीस वर्षांची वहिवाट आहे, मी कधी कुणाला अडवलं नाही आणि पुढेही अडवणार नाही. जा, घाल तुझ्या आराखड्यात.

लिंबाची नऊच्या नऊ झाडं ठणठणीत आहेत. वाटेवर दोन्हीकडून त्यांचीच सावली पडते. यंदा त्यांच्या फांद्यांवरचे डोळे काढून तीन हजार कलमं भरली. ती नऊ आहेत म्हणून माझी चूल पेटते, हे तुला सांगायला नको. शेतकी खात्यातला एक जण परवा विचारत होता, यातलं एखादं दुसरीकडे हलवता येईल का? मी म्हटलं, या वयात ती हलत नाहीत, मीही हलत नाही.

तुझी मामी


ता. २२ मार्च

मामी,

पत्र मिळालं. फार उपयोगी पडलं. मोजणी व्यवस्थित आहे.

कामाचा बोजा खूप आहे, जास्त लिहीत नाही. आराखडा वर गेला आहे. सदर बाबत योग्य वेळी अधिकृतपणे कळेलच. तोवर कुणाशी बोलू नकोस, उगाच अफवा उठतात. मला वरची जागा मिळण्याची शक्यता आहे. आईला अजून सांगितलेलं नाही.

तब्येत सांभाळ.

तुझा


ता. २ एप्रिल

चिरंजीव भोंग्या,

'सदर बाबत'? मामीला 'सदर' लिहितोस? आणि खाली नुसतं 'तुझा'. तुझा कोण? नाव लिहायला शाई संपली का?

तू नीट जेवत नाहीस, दुसरं काही नाही. पोट रिकामं असलं की माणूस असा कोरडा लिहितो. वरची जागा मिळाली की मला आधी कळव, तुझ्या आईला नंतर. तुमच्या ऑफिसात कलमं लावतात, आम्ही इथे बांधतो, तेव्हा एकाच धंद्यातले आपण! शिंपीणबाईंना मी सांगून टाकलंय की रस्त्याचं आता बघायला नको, माझा भाचा बसलाय तिथे. एवढं बोलले, रागावू नकोस.

रस्ता मैदानातूनच जाणार ना? उत्तर पाठव. दोन ओळी चालतील.

तुझी मामी


ता. १६ मे

भोंग्या,

सवयीने लिहिलं गेलं.

दीड महिना तुझ्या दोन ओळींची वाट पाहिली. काल शिंपीणबाई म्हणाल्या, प्रभाग कार्यालयात आराखडा लावलाय, बघायला चला. मी ठेवणीतले कपडे घातले. जिन्यात त्यांना सांगत होते की हा लहानपणी माझ्या जेवणाच्या टेबलावर पट्टी घेऊन बसायचा, पानं वाढली तरी उठायचा नाही.

भिंतीवर नकाशा होता. मी मैदान शोधलं. मैदान तसंच्या तसं, कोरं. रेघ माझ्या लिंबांवरून गेलेली, अठरा मीटर रुंद. मी बोटाने तीनदा मोजलं, नऊपैकी एक झाड वाचत नाही. कलमांची शेड जाते, पाण्याची टाकी जाते, तू ज्या खोलीत सात वर्षं झोपलास तिची बाहेरची भिंत जाते.

आणि नकाशाच्या शेजारी 'परिशिष्ट क'. मला आधी कळलंच नाही. म्हटलं, ही बाई माझ्यासारखाच 'झ' काढते. मग शिक्के दिसले, एक पुसट, एक ठळक.

ते पत्र अर्धंच आहे रे. वरचं 'चिरंजीव' नाही. खालची 'तुझी मामी' नाही. मामाची पक्कड नाही, सुईण नाही, चष्मा विसरलेले गृहस्थ नाहीत. कागदाच्या पट्ट्या ठेवून ठेवून झेरॉक्स काढलीस, कडा दिसतात, तिरक्या. सरळ कापायला तुला कधीच जमलं नाही. उरलंय ते एवढंच: चारशे अठरा, सव्वीस वर्षं, वहिवाट आहे, अडवलं नाही, अडवणार नाही. आणि सही.

तिथल्या कारकुनाला विचारलं, तो भला होता. म्हणाला, "बाई, वहिवाट तुम्हीच लिहून दिलीत. आता ती वाट तुमची एकटीची कुठे राहिली? मालकाची हरकत नाही असं फाइलवर आहे, तुमच्याच हातचं." मला वहिवाट म्हणजे लोकांचं येणं-जाणं वाटत होतं. तुला त्या शब्दाचा कायद्यातला अर्थ माहीत होता. तूच तो पत्रात घालून मला पाठवलास, आणि मी मूर्खपणाने तो तुला परत दिला, वर शिक्का मारून.

 परत आल्यावर माझ्या दारात शिंपीणबाई एवढंच म्हणाल्या, "भाचा म्हणालात ना?" मला मान वर करता येईना.

तू माझा विश्वासघात केलास. मला याला दुसरा शब्द येत नाही, आणि हा कापू नकोस.

मामी


ता. २४ मे

मामी,

तुझं पत्र ऑफिसात उघडलं आणि उठून बाहेर गेलो. चार वेळा उत्तर लिहिलं, चारही फाडली. हे पाचवं.

तू रागावलीस ते साहजिक आहे. पण एकदा माझ्या जागेवर बसून बघ. तुला मैदानाचा पर्याय सोपा वाटतो, मलाही वाटला होता. मी तोच पहिला मांडला होता. तो वरून खोडला गेला. का खोडला ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. गल्ली रुंद केली तर एकतीस कुटुंबं रस्त्यावर येतात. उरली तुझी वाट. तिथे एकच मालक, एकच घर, आणि तेही पुरतं पाडायचं नाही. सहा हजार माणसांना रस्ता मिळतो. ॲम्ब्युलन्सचं तूच मला लिहिलं होतंस ना?

तिसरा पर्याय निवडायला फाइलवर कारण लागत होतं. तुला सरळ विचारायचं मी ठरवलं होतं, खरंच ठरवलं होतं. पण तू झाडांसाठी नाही म्हणाली असतीस, आणि मग तुझं 'नाही' हातात घेऊन मी काय केलं असतं? पट्ट्या लावल्या त्या तुला फसवायला नाही. घरातलं बोलणं भिंतीवर लागू नये म्हणून लावल्या. तेवढी लाज होती मला.

झाडांचं दुःख मी समजू शकतो. तू माझ्याकडे राहायला ये. इथली बाल्कनी मोठी आहे, वीस-पंचवीस कुंड्या सहज राहतील. भरपाईची जागा चांगली मिळेल हे मी बघतो.

आता एक विनंती. पंधरा जूनला हरकतींची सुनावणी आहे. तुझी हरकत तू जरूर मांड, तो तुझा हक्क आहे. फक्त आपल्या नात्याचा उल्लेख करू नकोस. अर्जात एक रकाना असतो, 'नियोजन अधिकाऱ्याशी नाते असल्यास'. जवळच्या माणसाच्या जमिनीची फाइल मी हाताळायची नव्हती, आधी कळवायला हवं होतं. मी कळवलं नाही. हे बाहेर आलं तर आराखडा रद्द होईल आणि माझ्यावर चौकशी बसेल. वरची जागा मला गेल्याच महिन्यात मिळाली आहे. ती तर जाईलच, नोकरीही राहणार नाही. माझ्या मुलीचं अजून सगळं व्हायचंय.

सात वर्षं तू मला मुलासारखं वाढवलंस. त्या हक्काने मागतो.

तुझाच,
भोंग्या


ता. १९ जून

माननीय नियोजन अधिकारी यांस,

पंधरा तारखेच्या सुनावणीला आपण रजेवर होतात असं तिथे कळलं, म्हणून काय झालं ते कळवते.

माझा क्रमांक सातवा होता. टेबलापलीकडे तीन माणसं होती. मधले गृहस्थ वयस्कर आणि शांत होते. त्यांना मी सांगितलं, की ही वाट मी पायांना दिली होती, अठरा मीटरच्या रस्त्याला नाही. ॲम्ब्युलन्सपुरती वाट हवी असेल तर झाडांच्या मधून आजच देते, लिहून देते, मोबदला नको. आणि हेही सांगितलं, की मला कुणी घरी येऊन विचारलं असतं, की बाई, पर्याय नाही, मागच्या माणसांसाठी झाडं द्या, तर मी आठ दिवस रडले असते, भांडले असते, जेवले नसते आणि शेवटी दिली असती. नाही म्हणेन असं गृहीत कुणी धरलं, मला ठाऊक नाही. त्यांनी सगळं लिहून घेतलं. नोंद घेतली म्हणाले.

मग त्यांनी परिशिष्ट क समोर धरलं आणि विचारलं, "हे पत्र तुम्ही कुणाला लिहिलं होतं? वरची बाजू कोरी दिसतेय." मला कमी ऐकू येतं असं समजून त्यांनी ते पुन्हा मोठ्याने विचारलं. मला पहिल्या वेळेलाच ऐकू आलं होतं.

उत्तर मी घरून पाठ करून गेले होते. आपलं एकोणीस फेब्रुवारीचं पत्र पिशवीत होतं, वरच्या कप्प्यात, हात घातला की येईल असं. ते टेबलावर ठेवलं असतं तर माझी झाडं वाचली असती. आपण काय मागता आहात याची मला पर्वा नव्हती, हे स्पष्ट लिहिते. मी आपल्याला वाचवायला गेले नव्हते. मी झाडं वाचवायला गेले होते आणि पत्र काढणारही होते.

पण ते काढून म्हणायचं काय, तर 'हा माझा भाचा'. तेवढे तीन शब्द. इतकी वर्षं ओळखीपाळखीच्या प्रत्येकाला मी ते न विचारता सांगत आलेय. त्या दिवशी तोंड उघडलं आणि 'माझा' हा शब्द येईना. दोनदा प्रयत्न केला. त्या भल्या माणसाने पाणी दिलं.  माझी नऊ झाडं त्या एका शब्दापायी गेली, आणि तो मला म्हणता आला नाही, याचा राग मला आपल्यापेक्षा स्वतःचाच जास्त आला.

"आठवत नाही," म्हणाले मी. त्यांनी अर्ज पुढे सरकवला आणि राहिलेला रकाना भरायला सांगितला. नियोजन अधिकाऱ्याशी नाते असल्यास. मी 'नाही' असं लिहिलं. खोटं लिहिलं असं मला वाटत नाही.

बाल्कनीबद्दल आभार. पत्रोत्तराची तसदी घेऊ नये.

कळावे,
अर्जदार क्रमांक सात